पेरांवर मोजलेली कविता

नवरा गेल्याला दोन महिने झाले, तरी तिसरीच्या बाई एकदाही रडल्या नव्हत्या. नातेवाईक आधी कौतुकाने म्हणाले, "किती धीराची आहे." मग कुजबुजायला लागले, "काळीज आहे की दगड?" ते बाईंच्या कानावर आलं. त्यांनी प्रामाणिकपणे विचार करून पाहिला आणि दगडच असावा, असं त्यांना वाटलं. दीर नवऱ्याचे कपडे न्यायला आला, तेव्हा पिशव्या कमी पडतील म्हणून त्यांनी आणखी दोन काढून दिल्या. दाढ काढताना सुई दिली की गाल आपला वाटेनासा होतो, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं.

शाळा मात्र होती. घंटा, हजेरी, बत्तीस पोरं आणि त्यांच्या बत्तीस तक्रारी. दिवसभर घरी बसावं लागलं तर, एवढा विचार जरी आला तरी बाईंना भीती वाटायची. दोन महिन्यांत त्यांना जाणवलेली ही एकच गोष्ट.

मुख्याध्यापिकांनी नेमकं घरी बसण्याचं बोलायलाच बोलावून घेतलं. त्या मनाने वाईट नव्हत्या, फक्त प्रत्येक प्रश्न त्यांना सोमवारच्या आत मिटवायचा असायचा.

"बाई, दोन पालक येऊन गेले. म्हणतात, बाई हल्ली रागावतच नाहीत."

"ही काय तक्रार झाली, मॅडम?"

"तिसरीच्या वर्गात? झाली की." त्यांनी चष्मा काढला. "शुक्रवारी मी मागे बसते. तुम्ही हायकूचा तास घ्या. वर्ग नीट चाललेला दिसला, तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर सत्र संपेपर्यंत रजा घ्या. बदली शिक्षिका मी बघून ठेवलीय."

शुक्रवारी मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावर गुडघे मुडपून बसल्या. बाईंनी फळ्यावर लिहिलं: पाच, सात, पाच.

"तीन ओळींची कविता, ओळीत एवढीच अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं. आणि जे डोळ्यांना दिसलं तेच लिहायचं. छान वाटलं, वाईट वाटलं, असलं काही नको. ते वाचणारा बघून घेईल."

हा नियम बाईंना हल्ली फार सोयीचा झाला होता.

पोरं बोटांची पेरं मोजायला लागली. एकाने मोजता मोजता शेजाऱ्याचा हात ओढून घेतला, त्यावरून भांडण झालं आणि मिटलंही. मग एकेक जण वही घेऊन टेबलाशी यायला लागला. बाईंची पद्धत वर्षानुवर्षांची होती. कविता मोठ्याने वाचायची, अंगठा पेरांवरून फिरवायचा, अंगठा बरोबर जागी थांबला की खूण करायची. पूर्वी त्यांचे कान कवितेकडे असायचे आणि अंगठा मोजणीकडे. आता नुसता अंगठा उरला होता.

डबेवाल्या गोट्याने वही पुढे केली. डब्याशिवाय त्याला दुसरं काही सुचत नसे.

"डबा उघडा,
मुंगी एकटी खाते,
मी बघतोय."

"बरोबर," बाई म्हणाल्या. पुढचा आला.

"पंखा फिरतो,
पंखा फिरतो आहे,
पंखा फिरतो."

वर्ग फिदीफिदी हसला. बाईही हसल्या. "बरोबर," म्हणाल्या आणि खूण केली. मागच्या बाकावर मुख्याध्यापिकांनी भुवया उंचावून काहीतरी टिपून घेतलं.

मग खिडकीजवळची मुलगी आली. वर्गात तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकू यायचा. बाईंनी वही घेतली आणि अंगठा सरसावला.

"बाई हसल्या,
डोळे तसेच होते,
फळा पुसला."

पाच, सात, पाच. अंगठा अचूक थांबला. "बरोबर," बाई म्हणाल्या आणि लाल पेनाने खूण केली.

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. बाईंनी मान वर केली.

"बाई," पंख्याचा कवी हळूच म्हणाला, "ते तुमच्यावर आहे."

बाईंनी पुन्हा वाचलं. या वेळी अंगठा हलला नाही. आपण हसून दाखवतो, म्हणजे झालंच, अशी त्यांची समजूत होती. कुणी बघत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मुलीने एव्हाना खोडरबर काढलं होतं. "खोडू का बाई? मी दुसरी करते. पंख्यावर करते."

मुख्याध्यापिकांचं पेन थांबलं होतं. पोरीचा खट्याळपणा म्हणून सगळं निभावलं असतं. 'खोड' एवढं एकदा म्हटलं की वर्ग हातात राहणार होता.

"तुला असं दिसलं होतं?"

"हो."

"कधी?"

"रोज."

बाईंनी वही मिटून तिच्या हातात दिली. "मग नाही खोडायचं," त्या म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत त्या स्वतःच मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. "रजेचा अर्ज द्या, मॅडम."

"अहो बाई, पोरं काहीबाही लिहितात, ते काय मनावर घेता! तास झकास झाला. माझं काही म्हणणं नाही."

"पंख्याच्या कवितेला मी नुसती मोजून बरोबर म्हटलं. ऐकलंत ना तुम्ही?"

मुख्याध्यापिकांनी ऐकलं होतं. त्यांनी खण उघडून अर्ज काढला. बाईंनी सही केली. घरी बसायची भीती होतीच, ती तशीच घेऊन त्या पर्स आणायला वर्गात गेल्या.

वर्ग रिकामा होता. खिडकीजवळची तेवढी बाकावर बसून होती. तिला कुठून कळलं कोण जाणे, पण शाळेत भिंतींनाही कान असतात.

"माझ्यामुळे जाताय?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "माझा नवरा गेला ना, म्हणून."

हे वाक्य त्यांनी आजवर एकदाही उच्चारलं नव्हतं. नातेवाइकांना दिराने फोन केले होते, शाळेत मुख्याध्यापिकांनी सांगितलं होतं. बाई नुसती मान डोलवत आल्या होत्या. आता ते त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच कानांवर पडलं, आणि पहिल्यांदा खरं वाटलं. मुलगी बाकाच्या टोकाला सरकली, आणि बाई त्या बुटक्या बाकावर बसल्या.