पुलाखालचं लाकूड

माती तपासणाऱ्या बाईंना कार्यालयात सगळे ‘मातीबाई’ म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? जमिनीला भोक पाडायचं, खालची माती नळीतून वर काढायची, दाबून बघायची आणि सांगायचं, इथे बांधा, इथे नको.

या खेपेला मात्र मातीनेच त्यांना चक्रावून सोडलं. नदीवरचा दगडी पूल चारशे वर्षांचा. तो पाडायचा की ठेवायचा, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. भोकं पाडली तर खाली लोण्यासारखी मऊ चिकणमाती. खडक लागला तो डाव्या काठाला नऊ मीटरवर आणि उजव्याला चौदावर. गणित तीनदा मांडलं, उत्तर एकच. पूल केव्हाच खचायला हवा होता.

“मग पाडा म्हणून लिहून टाका,” साहेब म्हणाले.

“पण तो उभा आहे ना, साहेब! चुकतंय ते माझं गणित, त्याचं नाही. मला पाया बघू द्या.”

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण आठ दिवस दिले.

डाव्या खांबाला खेटून खड्डा घेतला. पंप घरघरत पाणी उपसत होता. तीन मीटरवर मुकादमाची पहार दबक्या आवाजात अडली. चिखल सारला तर खाली झाडांचे बुंधे, एकाला एक चिकटून उभे ठोकलेले! मुकादमाने एक ढलपी काढली. आत पिवळंधमक लाकूड, आणि सुताराच्या दुकानात येतो तसा वास.

“अहो बाई, हे तर काल तोडल्यासारखं आहे!”

“कायम पाण्यात राहिलं. हवाच लागली नाही, तर कुजेल कशाने?” बाई म्हणाल्या खऱ्या, पण ढलपी त्यांनी पुन्हा पुन्हा नाकाशी नेली.

त्यांनी बुंध्यावर यंत्र लावून हातोडी मारली. आवाज तळाला जाऊन परत येतो, त्यावरून लांबी कळते. सहा मीटर. वरचे तीन धरले तर नऊ. बुंधा नेमका खडकावर टेकलेला! पलीकडच्या काठाला खड्डा घेतला, तिथे बुंधे अकरा मीटरचे. अकरा नि तीन चौदा.

“हे ठोकणाऱ्यांना कुणी सांगितलं असेल हो, खडक उतरता आहे म्हणून?”

“सांगायचं काय त्यात?” मुकादम म्हणाला. “माझा बाप होड्यांच्या धक्क्यासाठी वासे ठोकायचा. घाव घातला की वासा दोन बोटं खाली जायचा. जायचा थांबला की बाप म्हणायचा, जमीन ‘बस’ म्हणाली. मग वरचा उरलेला कापून टाकायचा.”

बाईंनी ओल्या लाकडावर तळवा टेकला. त्यांच्या विद्येची पुस्तकं जेमतेम शंभर वर्षांची. त्याआधी किती पिढ्या अशा घावामागून घाव घालत, कान देऊन जमिनीचं ऐकत बसल्या असतील?

अहवालात त्यांनी लिहिलं: पूल ठेवावा. शेजारी होणाऱ्या इमारतीच्या तळघरासाठी पाणी उपसू नये, लाकूड कोरडं पडून कुजेल.

साहेबांनी वाचलं आणि ते इस्त्रीच्या पँटसकट शिडीवरून खड्ड्यात उतरले. बुंध्यांकडे टक लावून बघत राहिले. मग एकदम वर तोंड करून ओरडले, “अरे, पंप बंद करा आधी! हवा लागतेय त्याला!”