चढावर तापणारी गाडी

आमच्या ह्यांची एक खोड आहे. गाडी कुणाला दाखवायला न्यायची म्हटलं की आधी तिला आंघोळ घालायची. रोपांच्या कुंड्या पोचवायचं आमचं पिकअप रोज पुलाच्या चढावर तापतं, सुई लाल पट्ट्यात जाते आणि इंजिन बंद. तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा सर्व्हिस सेंटरच्या साहेबांनी रिकामी गाडी आवारात फिरवली आणि कागदावर शेरा मारला, दोष आढळला नाही. माझं डोकं फिरायचंच बाकी होतं.

आज वॉरंटीचा शेवटचा दिवस. उद्यापासून इंजिन गेलं तर धंदा गुंडाळायचा, एवढं सरळ होतं. आणि सकाळी बघते तर माल उतरवून, इंजिन थंड करून, हे नरसाळ्यानं कूलंट काठोकाठ भरतायत. विचारलं तर म्हणे, चार लोकांत गाडी नीट दिसायला नको? अरे देवा! म्हणजे तिन्ही वेळा ह्यांनीच तिला ठणठणीत करून नेलं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला.

सगळ्या कुंड्या परत चढवायला लावल्या. सर्व्हिस सेंटरला जाऊन साहेबांना खुर्चीतून उठवलं, आमच्या दोघांच्या मध्ये बसवलं. ते जेवायची वेळ झाली म्हणत होते, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. एवढा आनंद मला गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता.

साहेबांनी नवा कागद काढला. जुन्या तिन्ही कागदांवर दोष नाही असंच होतं. एकदाच झालं असेल तर कूलंटची नळी बदलून देऊ, वारंवार होत असेल तर इंजिन उघडू, म्हणाले. कधीपासून होतंय?

"आजच जरा..." हे पुटपुटले.

मी तोंड उघडलं, तर साहेबांनी हात वर केला. "चालवणाऱ्यानंच सांगायचं, वहिनी."

ह्यांनी स्टीअरिंग धरलं, समोरच्या चढाकडे बघितलं. मग म्हणाले, "तीन महिने झाले. दिवसातून चार-चारदा. हिला मात्र रोज एकदाच सांगतो. घरात सगळे नको म्हणत होते, मीच हट्टानं ही गाडी घेतली. आता कुठल्या तोंडानं नावं ठेवू?"

साहेब लिहायला लागले. इतके दिवस साठवलेलं सगळं मला ह्यांना ऐकवायचं होतं. पण सही करताना कागद वाऱ्यानं उडायला लागला, तेव्हा तो मी ह्यांच्यासाठी धरून ठेवला.