साहेबांचं गोत्र

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमधल्या एका शनिवारी, दुपारी चारपर्यंत, नीलकंठ पाटणकरांना एका कागदावर सही करायची होती. गहाळ झालेली फाइल आपणच हरवली, असं त्यात लिहिलं होतं. फाइल त्यांचे वरिष्ठ पांडेसाहेब यांनी स्वतः घरी नेली होती, हे चपराशासकट सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. म्हणूनच कोणी बोलत नव्हतं. सही केली की एकवीस वर्षांच्या नोकरीवर डाग, आणि बढती कायमची गेली.

तीन वर्षं साहेब त्यांना उभं ठेवत आले होते. ‘‘आइए, महाराष्ट्र के विद्वान!’’ म्हणत आणि त्यांचाच मसुदा चुकांसकट मोठ्यानं वाचायला लावत. बाकीचे हसत. हसणाऱ्यांची हजेरी लागत असावी.

आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी नीलकंठ काशीतल्या बालाजी घाटावर विश्वेश्वर गुरुजींकडे गेले.

‘‘गुरुजी, एखादं अनुष्ठान करा. साहेबांसमोर ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. जीभच उचलत नाही.’’

‘‘करू की. त्या गृहस्थाचं नाव, गोत्र?’’

‘‘देवव्रत पांडे. गोत्र... माहीत नाही.’’

‘‘अरे, काशीत पांडे काय एक आहे? अनुष्ठान भलत्याच्याच दारात जाऊन पडायचं. विचारून ये.’’

नीलकंठ आज्ञाधारक माणूस. शनिवारी पावणेचारला ते साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले. कागद तयार होता, टोपण काढलेलं पेनही.

‘‘साहब, आपका गोत्र क्या है?’’

टाइपरायटर थांबले.

‘‘क्यों पंडितजी, हमारे यहाँ रिश्ता करोगे?’’

साहेब एकटेच हसले. काशीत परक्याचं गोत्र दोनच कामांसाठी विचारतात, सोयरिकीसाठी नाहीतर करणीसाठी, आणि नीलकंठांना मूलबाळ नव्हतं.

‘‘संकल्प में लगता है.’’

‘‘किस चीज़ का संकल्प?’’

नीलकंठांना सगळं खरं सांगायचं होतं. पण जीभ नेहमीप्रमाणे उचलेना. ते नुसते बघत राहिले. चार वाजले. साहेबांनी कपाळ पुसलं.

‘‘बैठिए न,’’ ते म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. कागद मात्र त्यांनी फाडला नाही. खणात टाकून किल्ली फिरवली.

सोमवारी जिन्यात साहेबांनी हळूच गाठलं.

‘‘वो... हो गया क्या?’’

‘‘नहीं, साहब,’’ नीलकंठ म्हणाले. ‘‘गोत्र बाकी है. और आपके पास वह काग़ज़ भी.’’

साहेबांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.