चुन्याच्या क्रुसावरची पेटी

मी एक शवपेटी बोलतेय. घाबरू नका, आत्ता माझ्यात कुणी नाही.

माझ्या जातीच्या पेट्या एकदाच मातीत जातात आणि सुटतात. मी मात्र भाड्याची. मेक्सिको शहरात, मर्सेद बाजाराच्या मागच्या गल्लीत तिबुर्सिओचं दुकान आहे, तिथं मी असते. ज्यांना स्वतःची पेटी परवडत नाही ते मला एका रात्रीपुरती नेतात. माणसं येऊन रडतात, जपमाळ ओढतात, दालचिनी घातलेली कॉफी पितात. सकाळी मयत दहनाला जातं आणि मी परत येते. तिबुर्सिओ माझी उशी बदलतो, लिंबाच्या पाण्यानं काच पुसतो.

मी साध्या पाइनच्या लाकडाची. वरून असं रोगण दिलंय की लांबून महागाच्या लाकडाची वाटते. माझ्या झाकणाला डोक्याकडच्या बाजूला एक काच आहे. तिच्यातून मी माणसांचे चेहरे खालून पाहत आले. जिवंतपणी ज्याला कुणी पाणी विचारलं नाही त्याच्या काचेवर माणसं ओठ टेकवतात. कुणी काचेत पाहून हळूच स्वतःचे केस सारखे करतं. मला राग येत नाही. मरणाजवळ उभं राहायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं.

एकदा मला सिनेमासाठी नेलं. रेनाता नावाच्या एका तरुण बाईचा तो सिनेमा होता. आयुष्यभर गिऱ्हाइकांची वाट पाहत कोपऱ्यावर उभ्या राहिलेल्या आणि आता म्हातारपणी एका चाळीत एकत्र राहणाऱ्या बायकांची गोष्ट. थोडी हसवणारी, बरीचशी रडवणारी. चाळ खरी होती आणि बायकाही खऱ्याच होत्या. फक्त मेलेल्या बाईचं काम करायला एक नटी आणली होती. तिनं माझ्या उशीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही वापरलेली आहे?"

"मग काय लग्नात आहेर आलेली असणार?" मागून कुणीतरी म्हणालं.

नटी गाडीत जाऊन बसली, ती उतरलीच नाही.

तेव्हा चाळीतली ओतिलिया पुढे आली. सत्तरीची, हडकुळी, ओठांना लाल रंग लावलेली. "मी झोपते की! जन्मभर दुसऱ्यांच्या पलंगावर डोळे मिटून गप्प पडायचंच काम केलंय. इथं निदान अंगावर कुणी नाही."

सगळ्या हसल्या. फक्त रेनाता हसली नाही.

ओतिलिया माझ्यात आडवी झाली आणि मी दचकले. माझ्यात पहिल्यांदाच ऊब आली होती. तिच्या छातीचे ठोके माझ्या फळ्यांना लागत होते.

एवढ्यात रेमेदिओसचा आवाज चढला. ही ओतिलियाची मैत्रीण. चर्चच्या भिंतीजवळच्या एकाच कोपऱ्यावर दोघींनी तारुण्य घालवलं, आता चाळीतल्या याच खोलीत मिळून राहत होत्या. सिनेमावाल्यांनी पेटीखालच्या फरशीवर खडूनं क्रूस काढला होता.

"हे काय पोरांचं लंगडीचं घर आखलंय?" रेमेदिओस म्हणाली. "मयताखाली चुन्याचा क्रूस लागतो. व्हा बाजूला." आणि गुडघ्यांवर बसून तिनं मुठीतून चुना सोडत माझ्याखाली ठसठशीत क्रूस घातला.

सिनेमात मेलेल्या बाईची तीन जुनी गिऱ्हाइकं एकाच वेळी रडायला येतात आणि हिचं खरं प्रेम माझ्यावरच होतं, असं प्रत्येक जण म्हणतो. तिसरा म्हातारा हुंदका द्यायला वाकला आणि ओतिलिया फसकन हसली. काचेवर वाफ धरली.

"मयत हसलं! पुन्हा घ्या," रेनाता ओरडली.

दिवे पुन्हा लावेपर्यंत झाकण उघडं होतं. रेमेदिओस पेटीत वाकून ओतिलियाची बट सारखी करत होती. ओतिलिया हळूच म्हणाली, "रेमे, बरं वाटतंय गं इथं. मी खरी मेले ना, की मला अशीच निजव. त्या मोठ्या खड्ड्यात जाऊ देऊ नकोस."

या शहरात ज्यांचं मयत कुणी मागायला येत नाही, ते त्या खड्ड्यात जातात. दोघींच्या ओळखीच्या कितीतरी जणी तिथंच गेल्या होत्या.

"गप गं. ओठांचा रंग पसरेल," रेमेदिओस म्हणाली. मग तिनं ओतिलियाचा हात दाबला. "निजवीन. शब्द दिला."

काम संपलं. सामान बांधलं गेलं. एक जण झाडू घेऊन क्रुसाकडे आला, तशी रेमेदिओस आडवी झाली. "हात लावायचा नाही! नऊ दिवस जपमाळ झाल्याशिवाय क्रूस उचलत नाहीत."

"पण बाई, मेलंय कोण?"

जिवंत माणसासाठी जपमाळ कशी करणार? आणि न करता क्रूस झाडला, तर त्या घरातलं माणूस मेल्यावर वाट चुकतं, असं या बायका मानतात. हौसेनं खरा क्रूस घालून बसली, आता निस्तरायचा कसा, हे रेमेदिओसला कळेना.

"त्यात काय एवढं?" ओतिलिया म्हणाली. "माझा पलंग सरकवा त्याच्यावर. पुढे लागेलच की मला."

मी दुकानात परत आले. बरीच मयतं माझ्यात निजून गेली. थंडी पडली, आणि एका सकाळी रेमेदिओस दुकानाच्या दारात उभी राहिली.

"पेटी हवीय. ओतिलिया गेली."

"कुठंय ती?" तिबुर्सिओनं टोपी काढली.

"सरकारी दवाखान्यात होती. देईनात. तुमचं नातं काय म्हणाले. म्हटलं, एका कोपऱ्यावर उभ्या राहिलो, एका ताटात जेवलो. म्हणाले, हे नातं नाही. रोज गेले. आज म्हणाले, नेली."

"खड्ड्यात?"

तिनं मान डोलावली.

"मग पेटी कशाला, बाई?"

"शब्द दिलाय तिला."

तिबुर्सिओनं बराच वेळ माझी काच पुसली. ती स्वच्छच होती. मग म्हणाला, "घेऊन जा. नवव्या दिवशी आण."

चाळीतल्या त्या खोलीत बायकांनी पलंग सरकवला. चुन्याचा क्रूस तसाच होता, फक्त एका हाताला उंदराचं पाऊल उमटलेलं. त्याच्यावर मला ठेवलं. माझ्यात ओतिलियाचा निळा झगा पसरला आणि उंच टाचांचे बूट ठेवले. मी खूप माणसं झेलली आहेत, पण त्या झग्याइतकं जड मला काही लागलं नाही.

नऊ दिवस जपमाळ झाली. आठव्या दिवशी रेनाता आली. भिंतीवर चादर लावून तिनं सिनेमातून काढून टाकलेला तुकडा दाखवला. तोच, मयत हसतं तो. चादरीवर ओतिलिया माझ्यात निजलेली होती आणि फसकन हसली. बायका हसायला लागल्या. हसता हसता रेमेदिओस माझ्या झाकणावर डोकं ठेवून अशी रडली, की माझे खिळे हलले. "ऊठ ना गं, मेले. आता तरी ऊठ," ती म्हणत होती.

नवव्या दिवशी त्यांनी झेंडूच्या फुलांनी क्रूस उचलला. आधी डोकं, मग दोन्ही हात, शेवटी पाय. तो चुना थडग्यात पुरायचा असतो. रेमेदिओस तो रुमालात बांधून त्या खड्ड्याकडे गेली.

मला आधीच दुकानात पोचवलं होतं, परतताना ती तिथं आली. म्हणाली, "रखवालदार कुठला खड्डा ते सांगेना. त्यालाही ठाऊक नव्हतं. लांबलचक चर आहेत नुसते."

"मग?"

"सगळ्यांवर टाकला. चिमूट चिमूट. तिथं तिच्यासारख्या पुष्कळ आहेत."

आता मी जुनी झाले आहे. रोगण उडालंय, एक कडी ढिली आहे. माझ्या तळाच्या फटीत थोडा चुना अडकलाय, तिबुर्सिओ पुसताना तेवढी जागा सोडतो. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. मेलेल्या माणसासाठी कुणी दारात येऊन "ही माझी" म्हणालं, तर त्याला नातं विचारू नका. देऊन टाका.

रेमेदिओस अजून अधूनमधून येते. माझ्याजवळच्या स्टुलावर बसते, कॉफी पिते. काल तिनं माझ्या लांबीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तिबुर्सिओ, मला न्यायला कोण येईल रे?"

तो लिंबू कापत होता. त्यानं ते पाण्यात पिळलं आणि माझी काच पुसायला घेतली.