पांढऱ्याखालचा पिवळा कागद

मी फळी बोलतेय. वर लोखंडी चिमटा, कोपऱ्यातल्या भोकात सुतळी, आणि त्या सुतळीला लटकलेली वीतभर रुंदीची मी. रूपाने मी काही डोळ्यांत भरणारी नाही. तरीही केंटकीच्या डोंगरातल्या पाइन फोर्क गावात मला वाचल्याशिवाय निम्म्या लोकांना सकाळची कॉफी गोड लागत नसे.

माझा जन्म मात्र देवाच्या घरचा. मी ओढ्याकाठच्या चर्चमधल्या ओकच्या बाकाचा तुकडा. चाळीस वर्षं माणसं माझ्यावर टेकून गायली, पेंगली, रडली. मग ओढ्याला पूर आला, बाकं तडकली, आणि चर्चवाल्यांनी ते लाकूड तुरुंगातल्या सुतारखान्याला देऊन टाकलं. तिथं थर्मन नावाचा एक कैदी होता. दारू पिऊन गाडी चालवायची खोड, पण हात सोन्याचा. त्याने मला तासलं, घासलं, तेल पाजलं. पाजताना म्हणाला, "बाई गं, देवळातून थेट तुरुंगात आलीस. माझ्यापेक्षा तुझा प्रवास मोठा."

मला तुरुंगाच्या बाहेरच्या खोलीत, काचेच्या खिडकीशेजारी खिळ्यावर टांगलं. काम एकच. रोज सकाळी नऊ वाजता सार्जंट लमार माझ्या चिमट्यात दोन कागद लावायचा. वरचा पांढरा, आत कोणकोण आहे त्याचा. खालचा पिवळा, आज दहा वाजता कोण सुटणार त्याचा. कायदाच तसा. कुणीही यावं, वाचावं, जावं.

आणि लोक यायचे हो! फक्त कबूल कुणी करायचं नाही. कुणी गाडीच्या कागदांचं विचारायला आलेला, कुणी पाण्याचा घोट प्यायला. युलीन टॅकेटबाई तर माझ्यासमोर उभी राहून चष्मा पुसायची. लमार खिडकीतून म्हणायचा, "मिस युलीन, काच झिजेल की."

"मी मेली कशाला वाचतेय? डोळ्यांत काहीतरी गेलंय," ती म्हणायची. आणि डोळ्यांत गेलेलं ते सगळं दहा मिनिटांत केशकर्तनाच्या दुकानातून अख्ख्या खोऱ्यात पोचलेलं असायचं.

पण ती काय आणि बाकीचे काय, वाचायचे फक्त पांढरा कागद. कोण आत गेलं याची गोडी सगळ्यांना. कोण बाहेर येतंय, हे बघायला चिमट्याखालचा कागद उलटायचे कष्ट कुणी घेत नसे. माझ्यावर लागलेल्या पहिल्या पिवळ्या कागदावर थर्मनचंच नाव होतं. तो दहाला बाहेर आला, दाराकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून हसला आणि नऊ मैल पावसात चालत घरी गेला. त्याला न्यायला कुणी आलं नव्हतं.

पुढे त्याने दारू सोडली, चर्चची राखण पत्करली. त्याच्या शेजारच्याच घरात ऑर्डेला स्टँपर राहायची. मोठी श्रद्धाळू बाई. बुधवारचा उपास, रविवारी चर्च, आणि कुणाच्याही आजारात दारात हिचा रश्श्याचा डबा. पण स्वतःच्या पोटच्या पोरीपुढे, जोलीनपुढे, तिचं काही चालत नव्हतं. पोरीला नशेच्या गोळ्यांचा नाद लागला होता, त्यापायी तुरुंगाच्या वाऱ्याही सुरू झाल्या होत्या. एकदा भांडणात ऑर्डेलाच्या तोंडून निघून गेलं, "हे दार तुला बंद!" शब्दच तो. निघाला की चिमट्यात धरता येत नाही.

मागच्या खेपेला जोलीन सुटली तेव्हा आईला पत्ताही नव्हता. ती घरी बसून म्हणत होती, येईल तेव्हा येईल. दारात उभा होता तो ड्वाइट, लाल ट्रक घेऊन. गोळ्या त्याच्याच खिशातल्या. पोरगी इकडेतिकडे बघून त्याच्या ट्रकमध्ये चढली. अडीच महिन्यांत तिचं नाव पुन्हा माझ्या पांढऱ्या कागदावर.

त्या संध्याकाळी थर्मन ऑर्डेलाला म्हणाला, "वहिनी, सगळे पांढरा वाचतात. तुम्ही पिवळा वाचत जा."

मग ऑर्डेलाने नवस केला. या वेळी पोरगी दारातून बाहेर येईल तेव्हा समोर मी असेन. आणि ती घरी येईपर्यंत जिभेवर गोडाचा कण ठेवणार नाही.

फेब्रुवारीत सुरू झाला तिचा नेम. जोलीनने रागाने भेटणाऱ्यांच्या यादीतून आईचं नाव काढून टाकलेलं, फोन घ्यायची नाही. सुटकेचा दिवस तर आतल्यांनाही आधी कळत नाही; न्यायाधीशाची सही आली की आली. लमारला विचारलं तर तो मान हलवायचा. "मिस ऑर्डेला, नियम आहे. विचारायला आलात तर यादी दाखवायची. आपणहून फोन करून सांगायचं नाही. माझी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी कशाला घालवू बाबा? मी आपली रोज येईन."

रोज नऊला ती यायची. हलकेच पांढरा कागद उचलायची, पिवळ्यावरून बोट फिरवायची. तिचं बोट उबदार असायचं, पिठाचा वास येणारं. कारण सोबत एक डबा असायचा. सफरचंदाचं सारण भरून तळलेल्या ‘पाय’, चालायचा पाय नव्हे, खायची. आपल्या करंजीची सख्खी बहीण म्हणा ना. पोरीसाठी करून आणायच्या. पोरगी सुटली नाही, तर दहाला जो कुणी सुटून खुर्चीवर गाडीची वाट बघत बसेल, त्याच्या हातात ठेवायच्या. "घे रे बाळा. गरम आहे, जपून." चाळिशीचे दांडगे पुरुष कागदी पिशवीत आपलं चंबूगबाळं धरून, मान खाली घालून ती पाय खायचे. एकदोघे रडलेही. मी पाहिलंय.

काचेखालच्या फटीतून डब्यातली एक लमारलाही जायची. बारा आठवडे झाले, तेरा झाले. बाहेर डॉगवूडची झाडं पांढरी फुलून आली. ऑर्डेलाचा नेम चुकला नाही.

आणि मग मे महिन्यातल्या एका बुधवारी ती आलीच नाही.

चर्चच्या पायरीवरून आदल्या दिवशी घसरली होती. घोटा टम्म सुजलेला. हे मला नंतर कळलं. त्या सकाळी मला एवढंच दिसलं की नवाचे टोले पडले, लमार कागद घेऊन आला, पिवळ्यावरचं पहिलं नाव वाचून थबकला. जोलीन स्टँपर. त्याने दाराकडे पाहिलं. रिकामं. घड्याळाकडे पाहिलं. बाहेरच्या मोकळ्या जागेत एक लाल ट्रक येऊन उभा राहत होता. कुठून ना कुठून वास लागतोच असल्यांना.

लमार फोनपाशी गेला, परत आला. तेवढ्यात दार ढकलून युलीनबाई आत शिरली, चष्मा पदरात, म्हणजे आपलं, स्वेटरच्या टोकात धरून. लमारने घाईघाईने कागद माझ्या चिमट्यात अडकवले आणि निघून गेला.

पिवळा वर, पांढरा खाली. मथळा चिमट्याच्या दातांखाली झाकलेला.

चुकून की मुद्दाम? मी कधी विचारलं नाही. त्यानेही कधी सांगितलं नाही.

युलीनबाईने जन्मात पिवळा कागद बघितला नव्हता. तिने पहिलं नाव वाचलं आणि "अरे देवा!" म्हणत खुर्चीवरच बसली. जीभ कितीही लांब असली तरी मनाने बाई वाईट नव्हती. लगेच ऑर्डेलाला फोन लावला. कानाने मंद, त्यामुळे फोन कायम मोठ्या आवाजावर. मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"ऑर्डेला, आधी बस बघू तू."

"बसलेलीच आहे गं, पाय सुजलाय. काय झालं?"

"तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. अगं, तुझ्या जोलीनला आज पुन्हा आत टाकलं!"

पलीकडे खुर्ची करकरली. मग आवाज आला, "पुन्हा कुठून टाकतील? ती फेब्रुवारीपासून आतच आहे की."

"आता मी काय सांगू? इथं नाव आहे ढळढळीत. पहिल्याच नंबरला."

"युलीन, कुठल्या कागदावर वाचलंस?"

"कुठल्या म्हणजे? वरच्या! खालचं कोण बघतं?"

"रंग कसला आहे?"

"पिवळा. पांढरे संपले असतील. सरकारी कारभार, विचारूच नको."

फोनमधून एक आवाज आला. मी चाळीस वर्षं चर्चमध्ये काढलीत. प्रार्थनेला उत्तर मिळालेल्या माणसाचा आवाज मला ओळखू येतो.

"युलीन, माझे बाई! ती सुटतेय! दहा वाजता सुटतेय! थर्मन डबा न्यायला आला की त्याच्या गाडीतून येते, दहा वाजून जातील. तिला दाराबाहेर जाऊ देऊ नकोस. तुला माझ्या गळ्याची शपथ."

"मी? मी कशी अडवणार तिला?"

"बोल तिच्याशी. तुला तेवढं येतं."

दहाला जोलीन बाहेर आली. हडकलेली, पण डोळे स्वच्छ. हातात कागदी पिशवी. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. ती दाराकडे वळली, तर दारात युलीनबाई, पर्स पोटाशी धरून, देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखी.

"बस. तुझी आई येतेय."

"माझी आई?" जोलीन हसली, कडवट. "तिने मला दार बंद केलंय, मिस युलीन. सरका."

"सरकते गं. पण तुला कळलं का, पोस्टातल्या वेरनाचं लग्न ठरलं? या वयात! आणि नवरा कोण माहितीये?" आणि जी ती सुरू झाली म्हणता! वेरनाचं लग्न, पाद्रीसाहेबांची नवी कवळी, कुणाची गाय कुणाच्या मक्यात, कुणाची सून कुणाशी बोलत नाही. चौदा आठवड्यांचं साचलेलं, श्वास न घेता. पोरगी "हो पण" म्हणायला तोंड उघडायची की पुढचा विषय. तुरुंगातून सुटणं एक वेळ सोपं, युलीनबाईच्या बोलण्यातून सुटणं नाही. काचेआड लमार तोंडावर रुमाल धरून हसत होता. भोंगा तीनदा वाजला, चारदा वाजला. मग लमार टोपी चढवून बाहेर गेला आणि ट्रकच्या नंबराची पाटी अगदी निवांतपणे वहीत उतरवू लागला. लाल ट्रक निघून गेला.

आणि थर्मनची खटारा गाडी येऊन थांबली. तो ऑर्डेलाकडे तिच्याऐवजी डबा तुरुंगात पोचवायला आला होता, तिथूनच तिला घेऊन सुटला. ऑर्डेला त्याच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आत आली. एका पायात चप्पल, दुसऱ्याला पट्टी, अंगावर पिठाने माखलेला एप्रन.

युलीनबाई गप्प झाली. ही घटना माझ्या आठवणीत पहिलीच.

जोलीन म्हणाली, "तू कशाला आलीस? दार बंद आहे म्हणालीस ना?"

ऑर्डेलाने तोंडावर हात नेला. "अगं बाई! घराचं दार सताड उघडं टाकून आले गं मी. लावायला सुचलंच नाही."

जोलीन तिच्याकडे बघत राहिली. चपलेकडे, पट्टीकडे, पिठाकडे. मग पिशवी हातातून गळली, आणि ती आईच्या कुशीत शिरली. लहान असताना माझ्यावर, त्या बाकावर, अशीच तिच्या कुशीत झोपायची. मला ते वजन आठवत होतं.

थर्मनने नाक शिंकरलं आणि डबा उघडला. जोलीनने डब्यातली एक उचलली, घास घेतला, चावता चावता थांबली.

"आई, यात साखरच नाहीये!"

"असं कसं?" ऑर्डेला चकित. "मला नवसामुळे चाखता येत नव्हतं, मी आपली घातलीय असं धरूनच चालले होते…"

ती थर्मनकडे वळली. थर्मन छताकडे बघू लागला. ती लमारकडे वळली.

"रोजच नसायची, मिस ऑर्डेला," लमार हळूच म्हणाला. "चौदा आठवडे. पण सांगणार कोण?"

त्या खोलीत इतकं हसू मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता ऑर्डेलाने लेकीच्या हातातली उष्टी पाय घेतली आणि चावा घेतला. म्हणाली, "मला तर फार गोड लागतेय."

आता त्या यादीसाठी माझी गरज उरली नाही. भिंतीवर टीव्हीसारखा पडदा आलाय, लोकांच्या फोनवरही नावं दिसतात. लमारने मला फेकलं नाही. सुतळी बदलून ओढ्याकाठच्या चर्चला परत दिलं. मी पुन्हा देवाच्या घरी आहे, स्वयंपाकघरात, चुलीशेजारी. माझ्या चिमट्यात रोज एकच कागद असतो. आज कोण सुटणार, आणि त्याला न्यायला दारात कोण जाणार. तो कागद फोनवर बघून युलीनबाई लिहिते. चष्मा उघडउघड डोळ्यांवर लावून. मुद्दाम पिवळाच आणते.

तुमच्याही गावात अशी यादी असेल. कुणाचं नाव चढलं ते तुम्हाला न वाचताही कळेलच. जरा खालचा कागद उलटून बघत जा. दहा वाजता कुणीतरी दारातून बाहेर येऊन इकडेतिकडे बघणार असतं.

आणि हो, पायमध्ये साखर आता जोलीन घालते. चाखून.