भत्त्याचं पोट

रांगेत तेवीस जण होते. दोघांना खोकला, एकाचा पाय प्लास्टरमध्ये, एकीच्या डोळ्यात प्रयोगशाळेतला कसलासा थेंब उडालेला. उरलेले एकोणीस धडधाकट होते, निदान तसं दिसायची खटपट करत होते. त्या सगळ्यांच्या हातात एकाच नमुन्याचा हिरवट फॉर्म होता आणि तो भरून द्यायची मुदत आज पाचला संपत होती.

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात सिस्टरांना एकतीस वर्षं झाली होती. त्यांनी आधी डोळेवालीला आत घेतलं, डोळा धुऊन पट्टी बांधली, मग खोकले आणि प्लास्टर उरकलं आणि हिरव्या फॉर्मांकडे वळल्या.

या सत्रापासून सरकारने निर्वाह भत्त्याचा नियम बदलला होता. घरचं उत्पन्न कमी असेल, तर पूर्वी भत्ता दरमहा आपोआप मिळायचा. आता आठवड्याला वीस तास काम केलं तरच मिळणार होता. कुठलं काम, तर शहराबाहेरच्या चार गोदामांत खोकी उचलायची. त्यासाठी आरोग्य केंद्राचा दाखला हवा होता: नजर चांगली, रक्तदाब ठीक आणि वजन किमान पंचेचाळीस किलो.

"सिस्टर, माझं जास्त भरलं तर उरलेलं ह्याला देता येईल का?" एका गुबगुबीत मुलाने पुढच्या काडीपैलवानाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं.

"येईल की. तुझी जीभच देते कापून. तिचंच भरेल दोन किलो."

रांग हसली. सिस्टरही हसल्या, पण हसता हसता त्यांना या दारातली दुसरी एक रांग आठवली.

भत्ता एक तारखेला व्हायचा. त्या दिवशी फाटकाबाहेरच्या चपला दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यापुढे उभं राहायला जागा नसे. महिनाभर पिन लावून ओढलेल्या चपला त्याच्यापुढे ढिगाने पडत. वसतिगृहात चौघींत एक साबण पुरवणाऱ्या मुली त्या संध्याकाळी आपापली वेगळी वडी घेऊन मिरवत. आणि दोन तारखेला सकाळी केंद्राच्या दारात रांग लागे, पोट धरून वाकलेल्यांची. महिनाभर मारलेली भूक एका रात्रीत भागवलेली असे. सिस्टरांनी त्या दुखण्याला 'भत्त्याचं पोट' असं नाव ठेवलं होतं आणि रजिस्टरात ते बिनदिक्कत लिहीत. आताचे डॉक्टर नवे आले, तेव्हा वाचून चक्रावले होते.

"हा कुठला आजार, सिस्टर?"

"चांगला आजार आहे, डॉक्टर. दुपारपर्यंत बरा होतो."

त्यांना स्वतःलाही तो झाला होता. नर्सिंग शिकायला आल्या, तेव्हा त्यांचं वजन होतं त्रेचाळीस किलो. पहिल्या भत्त्यातून त्यांनी नाडी मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ घेतलं आणि उरलेल्या पैशांत मैत्रिणीशी पैज लावून पाच कप आइस्क्रीम खाल्लं. वर्षाअखेर वजन एकोणपन्नास. न्यायला आलेले वडील स्टेशनवर त्यांना ओलांडून पुढे निघून गेले. हाक मारली, तेव्हा वळून म्हणाले, "मी माझी पोरगी शोधतोय. ती तुमच्या निम्मी होती."

रांगेतली सोळावी मुलगी पदार्थविज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाची होती. केंद्रातला थर्मामीटर अर्धा अंश जास्त दाखवतो, हे तिने गेल्या वर्षी तीन दिवस मोजमापं घेऊन सिद्ध केलं होतं. तेव्हापासून सिस्टर तिला शास्त्रज्ञ म्हणत.

"काय शास्त्रज्ञबाई, तुम्हीपण गोदामात?"

"हो. सिस्टर, पटकन घ्या ना वजन."

ती या पायावरून त्या पायावर भार टाकत होती. ओठ घट्ट मिटलेले. सिस्टरांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"किती प्यायलीस?"

"काय?"

"पाणी गं."

मुलगी छताकडे बघत राहिली. "एक लिटर."

"आणि सकाळी किती भरलं होतं?"

"पार्सल ऑफिसच्या काट्यावर चव्वेचाळीस दोनशे. पाण्याची घनता एक धरली, तर पंचेचाळीस दोनशे होतात. रांग एवढी असेल हे मी गणितात धरलं नव्हतं."

सिस्टरांनी हसू दाबलं. "बाथरूम उजवीकडे आहे. जाऊन ये, मग काट्यावर उभी राहा."

"नको."

"अगं, वीस-वीस किलोची खोकी असतात तिथे."

"उचलीन."

"महिनाभर उचलशील. पुढे?"

"सिस्टर," मुलीने आवाज खाली आणला, "भत्ता नाही तर मेस नाही. दादाने सांगून ठेवलंय, शनिवारी न्यायला येतो म्हणून. त्याच्या दुकानात बसवणार मला. एकदा गेले की परत नाही यायची मी. एक वर्ष राहिलंय फक्त."

सिस्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. आतल्या खोलीत डॉक्टर सह्या करत होते. "आकडा तुमचा, सही माझी," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. काट्याने दाखवला नाही, असा एकही आकडा सिस्टरांनी एकतीस वर्षांत लिहिला नव्हता. पण हिला आता काट्यावर उभी केली, तरी काटा दाखवेल तो आकडा खराच असणार होता. वजनात काय धरायचं आणि काय नाही, हे फॉर्मात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"सिस्टर, लवकर ठरवा. आता माझ्या हातात नाहीये."

"चपला काढ," सिस्टर म्हणाल्या. "राहा उभी."

त्यांनी चौकटीत पंचेचाळीस किलो शंभर ग्रॅम असं लिहिलं. मुलगी वाकून बघत म्हणाली, "शंभर ग्रॅम कुठे गेले?"

"उभ्या उभ्या घामात गेले. पळ आता."

ती अनवाणीच धावली. रांगेने भिंतीला टेकून तिला वाट करून दिली. सिस्टर फॉर्म घेऊन आत गेल्या. डॉक्टरांनी आकडा पाहिला, मग चष्म्यावरून सिस्टरांकडे पाहिलं.

"जेमतेम आहे."

"जेमतेम आहे," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी सही केली.

मुलगी परत आली, तेव्हा तिचा चेहरा सैलावला होता. तिने सही दोनदा वाचली, फॉर्म पुस्तकात नीट ठेवला आणि चपलांकडे वळली.

"थांब. परत राहा उभी."

"का? झालं ना?"

"ते त्यांच्यासाठी झालं. हे माझ्यासाठी. आणि यापुढे दर सोमवारी सकाळी यायचं, पाणी न पिता. वजन उतरलेलं दिसलं, तर मी गोदामात येऊन तुझ्या मुकादमाशी बोलेन."

"तो घाबरेल तुम्हाला?"

"डॉक्टर घाबरतात."

मुलगी हसत काट्यावर चढली. सिस्टरांनी एक कोरा कागद घेऊन वर तारीख लिहिली आणि काटा स्थिर व्हायची वाट बघत थांबल्या.

चव्वेचाळीस किलो, चारशे ग्रॅम.