तिरपी रेघ राहून गेली तेव्हा

मी एक वेबपान बोलतोय. हसू नका, पानालाही तोंड असतं. माझं तर जरा जास्तच मोठं आहे. ते का, ते सांगतो.

माझे मालक शिलाई मशीन दुरुस्त करतात. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. त्याआधी तो इतका खणखणीत होता की मशीनच्या खडखडाटातही शेजारच्या दुकानात ऐकू जायचा. "अहो, किती ओरडता!" हे मालकीणबाईंचं ठरलेलं वाक्य.

आवाज गेल्यावर फोन वाजला की मालक तो सवयीनं उचलायचे आणि नुसते धरून बसायचे. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करून वैतागायचा आणि फोन ठेवून द्यायचा. गिऱ्हाईक रोडावलं. एके दिवशी मालकांनी, आता बोलण्याऐवजी जवळ ठेवलेल्या, पाटीवर लिहिलं, 'दुकान विकून टाकू.' मालकीणबाईंनी ते हातानंच पुसून टाकलं.

तेव्हा सून म्हणाली, "बाबा, बोलता येत नाही ना? मग लोकांना वाचू द्या. आपण इंटरनेटवर एक पान लिहू."

तयार साचे फुकट मिळत होते, पण मालकांनी पाटी पुढे केली, 'मापाचं हवं.' म्हणून माझा कोड हातानं लिहिला गेला, दोन बोटांनी, एकेक कंस शोधत. सून शेजारी बसून शिकवायची, "हा कंसातला शब्द म्हणजे टॅग. जो टॅग उघडला तो बंद करायचा, बाबा. बंद करताना तिरपी रेघ द्यायची. शिवण संपली की गाठ मारतो ना, तसं."

मालकांनी सगळ्या गाठी मारल्या. राहिली ती पहिलीच! शीर्षक बंद करताना रेघ विसरली आणि मी उघडलो तो नखशिखांत शीर्षकाच्याच ठळक, भल्यामोठ्या अक्षरांत: 'मशीन दुरुस्त करून मिळेल. मला ऐकू येतं, बोलता येत नाही. लिहून कळवा. मशीनचा आवाज पाठवलात तर दुखणं ओळखीन.'

"अगंबाई, रेघ राहिली! थांबा, अक्षरं लहान करते," सून म्हणाली. मी अगदी ओशाळलो.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. त्यांनी मला वाचलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, किती ओरडता!"

मालकीणबाईंनी तोंडावर हात धरला. मालकांचे खांदे हलू लागले. रडतायत की काय, असं मला वाटलं. पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'राहू दे.'

आता लोक आपापल्या मशीनची खडखड पाठवतात, मालक कान देऊन ऐकतात आणि उत्तर लिहितात. दुकान विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. ज्या सुनेनं शिकवलं तिचे आणि जी रेघ राहून गेली तिचेही माझ्यावर फार उपकार आहेत.

तुम्ही कधी माझ्याकडे आलात, तर एवढी मोठी अक्षरं बघून नाक मुरडू नका. रोज सकाळी मालकीणबाई मला एकदा उघडतात आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणतात, "अहो, किती ओरडता!" ते ऐकायला मालक हातातलं काम थांबवतात.